नव्या वाचनाची आवक



आपापल्या व्यवसायाला लागणारे नवे वाचन रोज कोठे ना कोठे प्रसिद्ध होत असते. ते आपल्यापर्यंत वेळेवर कसे पोचावे, आणि त्यासाठी हातातल्या मोबाइलचा नेमका कसा उपयोग करून घ्यावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी बोलणार आहे ते मुख्यत्वे शिक्षक बंधुभगिनींना उद्देशून. परंतु शेतकरी, गावचे डॉक्टर, ग्रंथपाल, किंबहुना ज्याच्या कामाला ज्ञानाची जोड लागते अशा प्रत्येकाला ते लागू पडेल.

पदवी घेतली, बी.एड. झाले, नेमणूक मिळाली, म्हणजे शिकणे संपले, असे आपण तोंडाने कधी म्हणत नाही. वागतो मात्र पुष्कळदा तसेच. पण आपण थांबलो म्हणून ज्ञान थोडेच थांबते? सूर्याला नऊ ग्रह, हे आपल्यापैकी कित्येकांनी घोकून पाठ केले. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सभेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रहांच्या पंक्तीला जाऊन बसला. ग्रह राहिले आठ. पॅरिसजवळ कडेकोट बंदोबस्तात ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलावरून जगाचा किलोग्रॅम ठरतो, असे आपण शिकलो. २० मे २०१९ पासून त्या दंडगोलाचे काम संपले; आता किलोग्रॅम ठरतो तो प्लांकच्या स्थिरांकावरून. शनीच्या उपग्रहांचे तर विचारूच नका. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्यांची संख्या २७४ वर गेली.

हे बदल पाठ्यपुस्तकात येत नाहीत असे नाही. पण पुस्तक नव्याने छापून येईपर्यंत मध्ये वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात मुलांच्या चार-पाच तुकड्या आपल्या हाताखालून निघून जातात. एखादा मुलगा घरच्या मोबाइलवर काही पाहून येतो आणि भर वर्गात विचारतो, “गुरुजी, शनीला चंद्र किती हो?” आपण ठामपणे जुना आकडा सांगतो. मुलगा वाद घालीत नाही, गप्प बसतो; पण गुरुजींना नवे काही ठाऊक नसते, ही गाठ तो मनाशी पक्की बांधतो. पुढे आपण बरोबर सांगितलेल्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडतो. नुकसान आहे ते हे.

शेतकऱ्याच्या बाबतीत उशिराची किंमत रोखीने मोजावी लागते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली ती २०१८ साली, कर्नाटकात. आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातल्या मक्यावरही येऊन पोचली. ही अळी लहान असतानाच ओळखली तर उपाय चालतो. ती पोंग्यात खोल शिरून मोठी झाली, म्हणजे फवारा तिच्यापर्यंत पोचणे कठीण. तज्ज्ञांचा सल्ला आठवडाभर आधी वाचणारा आणि आठवडाभर नंतर वाचणारा, या दोघांच्या पिकात फरक पडणारच.

तेव्हा वाचावयाचे हे खरे. पण काय काय म्हणून वाचावयाचे? लिहिले जाते फार आणि वाचण्यास वेळ थोडा, ही अडचण आजची नाही. १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, ते विद्वानांना एकमेकांचे नवे शोध एके ठिकाणी वाचावयास मिळावेत म्हणूनच. पुढे अशी नियतकालिकेच इतकी वाढली की, त्यांतल्या लेखांचे नुसते सारांश देणारी वेगळी नियतकालिके काढावी लागली. रसायनशास्त्रातील ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ हे १९०७ सालापासूनचे. आपल्याकडे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आहे. चांगला ग्रंथपाल नव्या आलेल्या पुस्तकांची यादी फलकावर लावतो ती याच हेतूने. वाचकाने सगळी कपाटे धुंडाळीत बसू नये. फलक पाहावा आणि हवे ते मागून घ्यावे.

आज आपण नवे वाचन मिळवतो कसे? एक तर आठवण होईल तेव्हा एकेक संकेतस्थळ उघडून पाहतो. दहा ठिकाणी जावे, त्यांतल्या आठ ठिकाणी नवे काहीच नसावे, आणि ज्या दिवशी काही महत्त्वाचे येते नेमके त्याच दिवशी आपण जाऊ नये, असा हा प्रकार. दुसरी वाट व्हॉट्सॲपवरच्या गटांची. तेथे येते पुष्कळ, पण कोणी लिहिले, केव्हा लिहिले, मूळ कोठले, याचा पत्ता नसतो. शासननिर्णयाच्या शेजारी शुभ सकाळ, आणि तिच्या शेजारी तीन वर्षांपूर्वीची बातमी आजची म्हणून! तिसरी वाट म्हणजे मोबाइल स्वतःहून पुढे करतो ते वाचणे. तेथे आपण मागे कशावर थांबलो होतो, यावरून यंत्र हिशेब करते आणि त्याच जातीचे आणखी समोर ठेवते. आपण क्रिकेटची एक बातमी पाहिली की दहा येतात. आपल्या धंद्याला काय उपयोगी, हा प्रश्न त्या हिशेबात नसतो.

या तिन्हींहून निराळी अशी एक सोय आहे, आणि ती बरीच जुनी आहे. तिला ‘फीड’ असे म्हणतात. ग्रंथालयाच्या फलकाचे उदाहरण मी आताच दिले. फीड म्हणजे संकेतस्थळाने लावलेला असाच नव्या आवकेचा फलक. त्यावर प्रत्येक नव्या लेखाचे नाव, तारीख, दोन-चार ओळींचा सारांश आणि मूळ लेखाचा पत्ता एवढेच असते. हा फलक माणसापेक्षा यंत्राला वाचावयास सोपा जावा अशा ठरावीक पद्धतीने लिहिलेला असतो. आपल्या मोबाइलमध्ये फीड वाचणारे एक ॲप घातले आणि त्याला आपल्या पसंतीच्या दहा-पंधरा संकेतस्थळांची नावे दिली, की ते ॲप ठरावीक वेळाने त्या सर्व फलकांकडे फेरी मारते आणि जे नवे असेल तेवढेच आणून एका यादीत लावते. पोस्टमन गावातली पत्रे घरपोच आणून देतो, तसेच.

या पद्धतीचा पहिला नमुना मार्च १९९९ मध्ये अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत तयार झाला. तो करणाऱ्यांत रामनाथन गुहा हे आपल्या मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले संगणकशास्त्रज्ञ होते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आर.एस.एस.’ असे नाव आहे. आपल्याकडे या तीन अक्षरांची दुसरी ओळख फार मोठी आहे. तिचा येथे काही संबंध नाही, नुसता नामसाधर्म्याचा योग. संकेतस्थळावर फीडची खूण दिसते ती अशी: नारिंगी चौकोन, त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका, आणि ठिपक्यातून निघालेल्या दोन कमानी. रेडिओच्या लहरी काढतात ना, अगदी तशाच.

मग या फीडमध्ये विशेष ते काय? दोन गोष्टी. पहिली ही की, यादीत कोण असावे हे आपण ठरवतो. आपण न बोलावलेला त्या पंक्तीला येऊन बसत नाही. दुसरी ही की, साध्या यादीत नवे वर आणि जुने खाली, एवढाच क्रम असतो. कोणाचे पुढे सरकवावे आणि कोणाचे दडवावे, असा हिशेब त्यात होत नाही. शिवाय फलक लावणाऱ्या संस्थेला आपले नाव, पत्ता, फोन नंबर काहीही कळवावे लागत नाही. श्रोतेहो, आपण काय वाचावे हे दुसऱ्याने ठरवणे आणि आपले आपण ठरवणे, यांत मोठे अंतर आहे. मुलांना विचार करावयास शिकवणाऱ्याने तरी ही निवड दुसऱ्यावर सोपवू नये.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय ते सांगतो. अँड्रॉइडच्या फोनवर ‘फीडर’ नावाचे एक साधे, विनामूल्य ॲप आहे. त्यात खाते उघडावे लागत नाही. आयफोनवर ‘नेटन्यूजवायर’ हे तसेच विनामूल्य आहे. ‘फीडली’ आणि ‘इनोरीडर’ यांच्यात खाते उघडावे लागते, पण तीच यादी फोनवर आणि शाळेच्या संगणकावर, दोन्हीकडे दिसते. त्यांच्या फुकटच्या प्रकाराला काही मर्यादा असतात, तरी एका माणसाच्या वाचनाला त्या सहसा आड येत नाहीत. यांपैकी कोणतेही एक घ्यावे. त्यात अधिक अशी खूण असते ती दाबावी आणि संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. फलक असेल तर ॲप बहुधा तो आपणच शोधून काढते. न सापडला, तर पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ हा शब्द लिहून पाहावा. वर्डप्रेस या साधनावर उभारलेल्या असंख्य संकेतस्थळांचा फलक तेथेच असतो. आधी दोन-तीन नावे घालून आठवडाभर पाहावे. मग हळूहळू वाढवावीत.

नावे कोणती घालावीत? हे ज्याचे त्याने ठरवावयाचे, तरी वानगीदाखल सांगतो. केंद्र शासनाच्या निवेदनांसाठी पत्र सूचना कार्यालय फीड देते. हे कार्यालय मराठीतही निवेदने काढते. भूगोल आणि विज्ञान शिकवणाऱ्याला अमेरिकेच्या नासा संस्थेची फीड फार उपयोगी. चित्रे तर मुले तोंडात बोट घालून पाहतील. ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाची फीड आहे. महाविद्यालयात भौतिकशास्त्र किंवा गणित शिकवणाऱ्यांसाठी ‘अर्काइव्ह’ हे १९९१ पासून चालत आलेले शोधनिबंधांचे भांडार विषयवार फीड देते आणि निबंधही पुरे वाचू देते. गावच्या डॉक्टरांना ‘पबमेड’ येथे सर्पदंश, विंचूदंश असा एखादा विषय शोधून त्या शोधाचीच फीड करून घेता येते. मग त्या विषयावर नवा निबंध नोंदला गेला की तो यादीत आपोआप येतो. यूट्यूबवरच्या वाहिनीचीसुद्धा फीड असते. एखाद्या कृषी विज्ञान केंद्राची किंवा चांगल्या शिक्षकाची वाहिनी आपण यादीत घातली, तर तिथला नवा कार्यक्रम कळतो आणि भोवतालच्या शंभर गोष्टींत मन अडकत नाही. ऐकण्याची आवड असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, मोबाइलवरचे ‘पॉडकास्ट’ मुळात याच फीडच्या पद्धतीवर चालतात.

सर्वांनीच फलक लावलेला असतो असे मात्र नाही. पुष्कळ चांगल्या मराठी मासिकांची, शासकीय खात्यांची फीड शोधूनही सापडत नाही. तेथे जुनाच मार्ग बरा: महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः जाऊन पाहावे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी १९९६ पासून ‘रेझोनन्स’ हे विज्ञानशिक्षणाला वाहिलेले मासिक काढते. त्याचे अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. महिन्यातून एक फेरी त्याच्याकडे मारली तरी विज्ञानशिक्षकाला पुष्कळ मिळेल. दुसरी अडचण अशी की, काही नियतकालिकांचा फलक उघडा असतो, पण लेखाला कुलूप असते. नाव आणि सारांश दिसतो, पुढे पैसे मागतात. अशा वेळी निराश होऊ नये. तोच निबंध लेखकाने किंवा त्याच्या विद्यापीठाने पुष्कळदा दुसरीकडे मोकळा ठेवलेला असतो. नाव घालून शोधावे. तिसरी अडचण इंग्रजीची. फोनमधले भाषांतराचे साधन कामापुरता अर्थ सांगते, पण शास्त्रीय शब्दांत ते चुकते. म्हणून वर्गात सांगण्यापूर्वी मूळ शब्द आणि आकडा ताडून पाहावा.

खेड्यातला प्रश्न नेटवर्कचा. त्यावर फीडचा एक गुण कामी येतो. हा मजकूर बहुतांशी अक्षरांचा, म्हणून हलका. सकाळी जेथे नेटवर्क सापडते तेथे ॲपला आवक उतरवून घेऊ द्यावी, मग एस.टी.त बसल्यावर, घाटात नेटवर्क गेले तरी, उतरवून घेतलेले वाचता येते. चित्रफिती मात्र अशा येत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो यंत्राचा नाही, आपला आहे. ॲप फोनमध्ये आले म्हणजे वाचन झाले, असा समज करून घेऊ नये. पुष्कळांचे असे होते की, पहिल्या उत्साहात साठ-सत्तर नावे घालतात. दुसऱ्या दिवशी तीनशे लेख, आठवड्याने दोन हजार. न वाचलेल्यांचा आकडा सावकाराच्या व्याजासारखा चढत जातो, मन दडपते, आणि एके दिवशी ते ॲपच उघडणे बंद होते. म्हणून पहिला नियम: नावे थोडी ठेवावीत. पंधरा पुरे. एखाद्याकडून महिनाभरात कामाचे काही आले नाही, तर ते नाव काढून टाकावे. त्यात कोणाला राग येत नाही. दुसरा नियम: वेळ ठरवून घ्यावा. दिवसातून वीस मिनिटे, एकाच ठरावीक वेळी. ॲपला अधूनमधून टिंगटिंग वाजण्याची परवानगी देऊ नये. तिसरा नियम: आधी केवळ शीर्षके पाहावीत. बहुतेक सोडून द्यावयाची असतात. त्यांतून दोन किंवा तीन निवडून पुरती वाचावीत. मोठा लेख असेल तर खूण करून रविवारसाठी ठेवावा. उरलेल्यांवर ‘सर्व वाचले’ अशी खूण करावी आणि मोकळे व्हावे. कालच्या वर्तमानपत्रातले सगळे वाचून झाले नाही म्हणून आज कोणी रडत बसत नाही.

चौथा नियम शिक्षकांसाठी विशेष. जे वाचले त्यातले काही वर्गात नेण्याजोगे वाटले, तर वहीत एक ओळ लिहून ठेवावी: काय वाचले, कोठे, कोणत्या तारखेचे, आणि कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठाला ते जोडावयाचे. आठवड्याला अशी एकच ओळ लिहिली, तरी वर्षाकाठी पन्नास पाठांना नवी पालवी फुटेल. आणि पाचवा नियम असा की, वाचलेले लगेच खरे मानू नये. फीड ही केवळ आणून देते. आणलेला माल पारखण्याचे काम तिचे नाही. एखाद्या संस्थेने आपल्याच संशोधनाची केलेली जाहिरात आणि तपासून प्रसिद्ध झालेला निबंध, यांत फरक असतो. एकाच प्रयोगावरून काढलेला मोठा निष्कर्ष दिसला, तर दुसऱ्या कोणी दुजोरा दिला आहे का, हे पाहावे.

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. ‘गूगल रीडर’ नावाचा फीड वाचण्याचा एक फार लोकप्रिय कारभार होता. तो २००५ साली सुरू झाला आणि १ जुलै २०१३ रोजी कंपनीने बंद केला. जगभरच्या वाचकांना नवे घर शोधावे लागले. ज्यांनी आपल्या नावांची यादी उतरवून ठेवली होती, त्यांनी ती दुसऱ्या ॲपमध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी वाचन पुढे चालू. बहुतेक ॲपमध्ये ही यादी एका लहानशा फाइलमध्ये उतरवून घेता येते. त्या फाइलला ‘ओ.पी.एम.एल.’ म्हणतात. सहा महिन्यांतून एकदा ती काढून स्वतःला ई-मेलने पाठवून ठेवावी. ॲप आज आहे, उद्या नसेल. आपण निवडलेली यादी ही आपली कमाई आहे, ती जपावी.

शेवटी एक सूचना करतो. हे काम एकट्याने करण्यापेक्षा चौघांनी मिळून केले तर हलके होते. आपल्याकडे केंद्रातल्या शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र जमतात. त्यांतल्या चौघांनी विषय वाटून घ्यावेत: एकाने विज्ञान पाहावे, एकाने भाषा, एकाने बालमानसशास्त्र, एकाने शासनाची परिपत्रके. परिषदेत प्रत्येकाने पाच मिनिटे उभे राहून, या महिन्यात वाचलेली एकच गोष्ट सांगावी, ती कोठून घेतली तेही सांगावे. दोनशिक्षकी शाळेतल्या, गावापासून दूर राहणाऱ्या शिक्षकालाही त्यातून जगाशी संबंध राहील. गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनीही मनावर घ्यावे. त्यांनी शेती, आरोग्य आणि शिक्षण यांची फीड पाहून आठवड्याला पाच शीर्षके खडूने फळ्यावर लिहिली, तर ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा ज्यांना इंग्रजी येत नाही अशांपर्यंतही ती पोचतील. मोबाइलमधला फलक मग पुन्हा वाचनालयाच्या दारातला फलक होईल.

श्रोतेहो, साधन अगदी साधे आहे, पैसा लागत नाही, शिकावयास एक संध्याकाळ पुरते. आज तीन नावे निवडा. ती आपल्या कामाची आहेत की नाहीत, हे महिनाभराने आपणच सांगू शकाल. मुलांच्या प्रश्नाला “थांब, मी गेल्या आठवड्यातच वाचले आहे, उद्या दाखवतो” असे उत्तर ज्या दिवशी आपण देऊ, त्या दिवशी त्या मुलाच्याही ध्यानात येईल की, शिकणे शाळा सुटल्यावर संपत नाही.